कागवाड ते कणकुंबी: दोन वेतांमधले रिकामे दिवस

सोमवार, कृष्णाकाठ

ऊसतोड नुकतीच सुरू झाली आहे. मिरज सोडलं, म्हैसाळ मागे पडलं आणि कागवाडच्या रस्त्याला समोरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोटारसायकलीवर वाड्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचे, भारे दिसायला लागले. आता गाळप संपेपर्यंत या भागातल्या म्हशींचं पोट वाड्यावरच.

या प्रवासाला मी एकच प्रश्न घेऊन निघालो आहे. सीमाभागात ज्या घरी दोन-तीन जनावरं आहेत, त्या घराच्या हातात दुधाचे जास्त पैसे कसे राहतील? मोठ्या गोठ्यांबद्दल भरपूर लिहिलं जातं. पण मुलांची फी, दवाखाना, किराणा हे सगळं ज्यांच्या दोन म्हशींवर चालतं, त्यांच्या गोठ्यात उभं राहून हिशेब मांडलेला फारसा वाचायला मिळत नाही.

नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या एका वस्तीत पहिला गोठा बघितला. जोतं चांगलं कमरेइतकं उंच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी दावणीवर चढलं, तेव्हा या घरानं जनावरं रातोरात वर हलवली. नंतर पाचांच्या तीन म्हशी केल्या आणि आधी गोठा उंच करून घेतला. मामांनी चहा पुढे केला आणि थेट विषयाला हात घातला. "दराचं लिवा. पेंड कुठं गेली बघा, आणि दूध कुठं हाय."

त्यांचं म्हणणं खरं आहे. दूध धंद्यात साठ ते सत्तर टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो. पेंडीचं पोतं महागलं की तो बोजा थेट या दावणीवर येतो. दर वाढवून मिळायलाच हवा. पण मला दुसरंही काही विचारायचं होतं. प्रत्येक म्हशीकडे बोट दाखवून मी विचारत गेलो, ही कधी व्यायली? पहिलीचं उत्तर लगेच आलं, कारण रेडकू अजून पित होतं. दुसरीला "पावसाच्या तोंडाला". तिसरीपाशी मामा थांबले. मागच्या वर्षीच्या बेंदराच्या आधी की नंतर, यावर घरात थोडी चर्चा झाली. ती म्हैस गाभण नाही आणि दूधही देत नाही. गेले कित्येक महिने नुसती उभी आहे आणि बाकीच्या दोघींच्या दुधावर खाते आहे.

वाड्याचाही यात हात आहे. उसाच्या वाड्यात ऑक्झलेट असतं. ते खाद्यातला कॅल्शिअम धरून ठेवतं आणि तो जनावराच्या अंगी लागत नाही. महिनोन्‌महिने नुसतं वाडं घातलं की जनावर थकतं, माजावर येत नाही, आलं तरी गाभण न राहता उलटतं. यावरचा उपाय स्वस्त आहे. वाडं कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची, रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण पेंडीतून द्यायचं आणि वाड्याला सोबत थोडा कडबा आणि काहीतरी द्विदल हिरवं ठेवायचं. मामांच्या घरी खनिज मिश्रणाची पिशवी होती. पण ती फक्त दुभत्या म्हशीसाठी. भाकड म्हशीला कशाला, असा त्यांचा हिशेब, आणि हा हिशेब मी पुढे गावोगाव ऐकला. गाभण राहण्यासाठी ज्या जनावराला त्याची सर्वांत जास्त गरज, नेमकं तेच वगळलं जातं.

मंगळवार, निपाणी

कृष्णा ओलांडून चिकोडीमार्गे रात्री निपाणीला मुक्काम केला. पहाटे एका खेड्यातल्या दूध संस्थेत गेलो. थंडी चांगली पडली होती. किटल्या घेऊन बायका, शाळेची पोरं, एक-दोन म्हातारे. काट्यावर दूध, वाटीभर नमुना मशिनमध्ये, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागाचे) आकडे पाटीवर, चिठ्ठी हातात. एक काळ असा होता की फॅट काढायला नळीत सल्फ्युरिक आम्ल घालून, गरगर फिरवून बघावं लागे. आता मिनिटभरात काम होतं. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ हा पाया धरून इकडे दर लावतात आणि इथल्या बायकांना हे आकडे तोंडपाठ आहेत. "आज पॉइंट दोननं उतरली, काल पेंड बदलली न्हवं," असं एक काकी मशिनकडे बघतच म्हणाल्या.

सीमेवरच्या गावात दूध कुठं घालायचं, हाही रोजचा प्रश्न असतो. कर्नाटक सरकार तिकडच्या सहकारी संस्थांना दूध घालणाऱ्यांना लिटरमागे प्रोत्साहन देतं. २००८ साली २ रुपयांपासून ते सुरू झालं आणि वाढत वाढत ५ रुपयांवर गेलं. दुसऱ्या बाजूला कोल्हापूरकडचे संघ, त्यांचं दहा दिवसांचं बिल आणि दिवाळीला मिळणारा दरफरक. म्हशीचं दूध असलेल्या घरांचा ओढा फॅटच्या दराकडे, गायवाल्यांचा प्रोत्साहनाकडे. मला यात वावगं काही दिसत नाही. दोन गिऱ्हाईकं दारात असली तर उत्पादकाचं भलंच होतं.

पण या दरांच्या तुलनेत एक मोठा आकडा कुणीच मोजत नाही. काकींच्या ओसरीवर बसून आम्ही तो मोजला. त्यांची म्हैस एका वेताला, म्हणजे एकदा व्याल्यापासून आटेपर्यंत, साधारण १८०० लिटर दूध देते असं धरलं. म्हैस गाभण राहिल्यापासून व्यायला सुमारे ३१० दिवस लागतात. व्याल्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली, तर दोन वेतांत १४ महिने, म्हणजे ४२० दिवसांचं अंतर पडतं. तेच १८०० लिटर ४२० दिवसांत वाटले की दिवसाला जवळजवळ सव्वाचार लिटर. हेच अंतर १८ महिन्यांवर गेलं, तर दिवसाला सव्वातीन लिटरच्या आसपास. म्हैस तीच, गोठा तोच, दरही तोच. आयुष्यातल्या प्रत्येक दिवसामागे एक लिटर गेलं. आठ वर्षांचा धंदा धरला, तर सात वेतांच्या जागी पाच-साडेपाच वेतंच हाती लागतात.

काकींनी वर त्यांचा हिशेब जोडला. नुसत्या उभ्या म्हशीला वैरण-पेंडीचे रोजचे शंभर रुपये तरी जातात. वाढलेल्या १२० दिवसांचे १२,००० रुपये. "म्हंजे फरक बिल आलं तसं गेलं की," त्या म्हणाल्या आणि सुनेला हाक मारून तिला पुन्हा सगळं समजावून सांगितलं. सून बी.ए. झालेली. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. संस्थेनं दिलेलं कॅलेंडर होतं ते, त्यावर दूध किती घातलं याची टिपणं पहिल्यापासून होती. व्याल्याची, माजाची, भरवल्याची (रेतन केल्याची) तारीख मात्र कुठंच नव्हती. तिनं दिवाळीच्या आधीची एक तारीख आठवून आठवून शोधली आणि तिथं गोल केला. त्या दिवशी म्हैस रात्रभर ओरडली होती. डॉक्टरला फोन लागला नव्हता.

म्हैस २१ दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला की २१ दिवस गेले, दोन हुकले की दीड महिना. शिवाय म्हशीचा माज बहुधा मुका असतो. गायीसारखी ती इतर जनावरांवर चढत नाही, खुणा रात्री आणि पहाटे जास्त दिसतात. काचेसारखा स्वच्छ सोट (मागून येणारा चिकट स्राव), वारंवार थोडं थोडं मूतणं, अचानक दूध कमी होणं, वैरणीवरून तोंड काढणं. सकाळी खुणा दिसल्या तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उन्हाळ्यात म्हशी सहसा माज दाखवत नाहीत, पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचा काळ त्यांचा. म्हणजे आत्ता, या थंडीत जी म्हैस हुकली, ती कदाचित पुढच्या पावसाळ्यानंतरच हाताला लागेल. म्हणून हे सगळं मला आत्ताच्या आत्ता घरोघर सांगावंसं वाटतं आहे.

बुधवार, संकेश्वर–हुक्केरी

तवंदी घाट उतरून संकेश्वर. हिरण्यकेशीच्या काठी ऊस, जरा आत गेलं की मका. आज एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे मुरघास, हवाबंद ठेवून मुरवलेला हिरवा चारा.

हुक्केरीच्या बाजूला तिघा भावांनी मिळून एक कुट्टी यंत्र घेतलंय आणि मुरघास प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत भरतात. कणसात दाणा चिकात असताना, पेरणीपासून ऐंशी-नव्वद दिवसांच्या आसपास मका कापायचा, बारीक कुट्टी करायची, पायानं तुडवून तुडवून हवा काढायची आणि तोंड घट्ट बांधायचं. पंचेचाळीस दिवसांनी उघडायची. चांगला मुरघास पिवळसर हिरवा दिसतो आणि त्याला आंबूस-गोड वास येतो. काळा पडलेला, बुरशी धरलेला भाग जनावराला घालायचा नाही, हे थोरला भाऊ तीनदा म्हणाला. दोन म्हशींच्या घराला खड्डा परवडत नाही, पिशवी परवडते. मार्च ते मे या महिन्यांत हिरवं काहीच नसतं तेव्हा हीच पिशवी उपयोगी पडते. बांधाला नेपिअर गवताचे ठोंब लावलेले होते. धारवाडच्या चारा संशोधन केंद्रानं काढलेली डीएचएन-६ ही संकरित जात इकडे बरीच दिसते. काही तासांत तिथून निघालो.

गुरुवार, बेळगावचा पश्चिम भाग

उचगाव, बेळगुंदी, त्यापुढे डोंगराच्या कडेची खेडी. मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात भाताची सुगी चालू आहे. रस्त्याच्या कडेला मळणी, खळ्यांवर पिंजराच्या, म्हणजे भाताच्या काडाच्या, गंज्या. बेळगाव शहर इतकं जवळ की रतीबाचं दूध अजूनही स्कूटरवरून जातं. शहरात कुंदा या मिठाईसाठी, चहाच्या गाड्यांसाठी, घरोघर दूध लागतंच. घट्ट दुधाला इथं थेट गिऱ्हाईक आहे. म्हणूनच या पट्ट्यात म्हैस टिकून राहिली असावी.

एका घरी गेलो तेव्हा बाई शेण काढत होत्या. नवरा शहरात कारखान्यात, दीर गोव्याला. "काय लिवूलायसा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग गड्यांस्नी कशाला इचारता? दावणीला कोण हाय बघा की."

दावणीला त्याच होत्या. पहाटे चारला उठून शेण, धार, किटली, मग सुगी, दुपारी वैरण, संध्याकाळी पुन्हा धार. म्हैस माजावर आली हे पहिल्यांदा त्यांनाच कळतं. कास गरम लागते, सडातून दुधात गुठळी येते, म्हणजे दगडीची (कासेच्या सुजेची) सुरुवात, हेही त्यांच्या बोटांना आधी कळतं. पण संस्थेचं खातं सासऱ्यांच्या नावावर, जनावराच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याच्या नोंदीत मोबाइल नंबर नवऱ्याचा. लसीकरणाचा निरोप कारखान्यात वाजतो. विम्याचा कागद कन्नडमध्ये, तो वाचायला शेजारचा पोरगा लागतो. त्यांच्या शेजारणीची म्हैस गेल्या वर्षी गेली. बिल्ला पडलेला होता, नवा कुणी बसवला नव्हता आणि विम्याचे पैसे मिळाले नाहीत. ज्या बाईनं ती म्हैस पाच वर्षं सांभाळली, तिच्याशी याबाबत कुणी एकदाही बोललं नव्हतं. हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. दूध धंदा वाढवायचा तर आधी गोठ्यात असलेल्या माणसाशी बोला, इतकी साधी गोष्ट आहे ही.

बाईंनी स्वतःहून दाखवली ती त्यांची रेडी. अडीच वर्षांची, चकचकीत, अंगानं भरलेली. बहुतेक ठिकाणी रेडकाच्या तोंडचं दूध काढून किटलीत जातं. रेडकू खुरटतं आणि मग ती रेडी चार-साडेचार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. एवढी वर्षं फक्त खर्च. यांनी तसं केलं नाही. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजला, वजनाच्या दहाव्या भागाइतका दिवसभरात. चीक उरला तेवढ्याचाच खरवस. पहिल्या पंधरवड्यात जंताचं औषध, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. चौथ्या महिन्यानंतर सांसर्गिक गर्भपाताची लस, जी मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयातच देतात आणि आयुष्यात एकदाच. हे सगळं त्यांना गावात आलेल्या एका पशुवैद्यक बाईंनी सांगितलं होतं. "बाजारातनं म्हस आणली की लाखाला जाती, आणि ती कसली निघंल ठाव न्हाई. ही घरची हाय. हिच्या आईला मी ओळखतो," त्या म्हणाल्या.

पाण्याचंही त्यांनी बघून ठेवलंय. गोठ्याबाहेर बांबूचं कुंपण, आत दोन म्हशी आणि रेडी मोकळ्या, कोपऱ्यात सिमेंटची टाकी. म्हशीच्या दुधात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. बांधलेल्या म्हशीला दिवसातून दोनदा बादली दाखवतात आणि दूध वाढत नाही म्हणून पेंड वाढवतात. मोकळ्या म्हशी रात्रीसुद्धा उठून पाणी पितात. कुंपण घातल्यावर पेंड न वाढवता दूध वाढलं, असा त्यांचा अनुभव. मला तरी या गोठ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणा खर्च हाच वाटला.

शुक्रवार, जांबोटी–कणकुंबी

खानापूर तालुक्यात शिरलं की रान दाट होत जातं. जांबोटीच्या पुढे घाटाची हवा, मग कणकुंबी, मलप्रभेचा उगम. पावसाळ्यात इथं आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. कृष्णाकाठी सोमवारी पाहिलेला ऊस इथं नावालाही नाही. एकाच बेळगाव जिल्ह्यात दोन टोकाची हवामानं. त्यामुळे जिल्ह्याला एकच सल्ला देऊन भागत नाही.

रानातल्या एका गवळीवाड्यावर गेलो. घरं विरळ, म्हशी काटक, लहान बांध्याच्या, दिवसभर रानात चरणाऱ्या. दूध दिवसाला दोन-तीन लिटर. डेअरीची गाडी वाड्यावर येत नाही, पावसात तर रस्ताच नसतो. म्हणून दूध आटवून खवा किंवा लोणी काढून तूप, आणि आठवड्याच्या बाजारात विक्री. खव्याला सरपण किती लागतं आणि धुरात कोण बसतं, हे चुलीपाशी पाच मिनिटं थांबल्यावर कळलं. माझे डोळे चुरचुरत होते, आजी सवयीनं ढवळत होत्या. इथं मुऱ्हा जातीची म्हैस आणून बांधा असं कुणी सांगू नये. त्या उताराला आणि त्या पावसाला मुऱ्हा टिकायची नाही. इथल्या म्हशींना वेळेवर घटसर्प आणि फऱ्याची लस, लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा लस, जंताचं औषध आणि एवढ्या लांब पोचणारा पशुवैद्य हवा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्याची गाडी मागवता येते, पण वाड्यावर मोबाइलला रेंज मिळवायची तर टेकडीवर चढावं लागतं.

खाली शेतकरी वस्तीत पिंजराचं बोलणं झालं. पिंजर पोट भरतं, ताकद फारशी देत नाही. १०० किलो पिंजरावर ४ किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत देत शिंपडायचा, दाबायचं, ताडपत्रीनं हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं. मग तेच पिंजर मऊ होतं, प्रथिनं वाढतात, जनावर आवडीनं खातं. खाऊ घालण्याआधी तासभर उघड्यावर पसरायचं. सहा महिन्यांखालच्या वासरांना द्यायचं नाही. युरियाचं पाणी किंवा सुटा युरिया जनावराच्या तोंडी लागला तर ते दगावतं, म्हणून हे काम घरातल्या जाणत्यानंच करावं. दोघांनी यंदा एका गंजीवर करून बघायचं ठरवलं. ताडपत्री एकाकडे होतीच.

शनिवार, काकतीच्या अलीकडे

परतीच्या वाटेवर एका गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरीला भेटलो. तरुण मुलगा, मराठी-कन्नड दोन्ही सफाईनं बोलणारा, संगणकावर बिलं काढतो. आठवडाभर डोक्यात घोळणारी गोष्ट त्याच्यापुढे मांडली. बिलावर दुधाखाली एक ओळ वाढवता येईल का? कुठली म्हैस कधी व्यायली, आज किती दिवस झाले, पुढचा माज कधीच्या सुमाराला. पंचेचाळीस दिवस झाले की लक्ष ठेवा. नव्वद दिवस झाले आणि भरवली नसेल तर तपासून घ्या. भरवून साठ ते नव्वद दिवस झाले की गाभण तपासणी करा.

त्यानं लगेच अडचण दाखवली. दूध सभासदाच्या नावावर येतं, म्हशीच्या नावावर नाही. तिघींचं दूध एका किटलीत, कुठली व्यायली हे संस्थेला कसं कळणार? हरकत बरोबर होती. मग आम्हीच तोड काढली. व्याल्यावर चिकाचे दिवस संपले की सभासद पुन्हा दूध वाढवून घालायला लागतो. त्या दिवशी मापाच्या पोरानं बिल्ल्याचा नंबर आणि तारीख विचारायची. कृत्रिम रेतनाची पावती संस्थेतूनच फाटते, तिच्यावर नंबर असतोच. पहिल्यांदा सगळं गाव नको. ज्यांचं रेतन संस्थेमार्फत होतं, तेवढीच घरं धरायची.

मग फोन कुणाचा लावायचा, यावर तो अडला. खातेदाराचा नंबर यादीत होताच. मी बेळगुंदीकडच्या त्या बाईंचं सांगितलं. त्यानं यादी वरपासून खालपर्यंत बघितली. चाळीस-पन्नास नावांत बायकांचे नंबर चार. सकाळच्या मापाला किटली घेऊन त्याच बायका रांगेत उभ्या असतात, तेव्हा उद्यापासून एकेकीचा नंबर विचारून घेतो, असं म्हणाला. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांच्या बिलाबरोबर पहिल्या चिठ्ठ्या द्यायच्या, मराठी आणि कन्नड दोन्हीत, असंही ठरलं. कमिटीला विचारावं लागेल का, असं मी विचारलं. कागद संस्थेचा, शाई संस्थेची, यात कमिटी कशाला, असं म्हणून त्यानं मला मजकूर लगेच लिहून द्यायला सांगितला.